कायदा घडतो तो बंद खोलीत

परवा मंडळाच्या वाचनालयात गप्पा चालल्या होत्या. टीव्हीवर सभागृहातला गोंधळ बघून एक ज्येष्ठ सभासद वैतागून म्हणाले, "हे असं भांडून भांडून कायदे होतात तरी कसे?" प्रश्न बरोबर होता. आम्ही छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी गृहकर्जाच्या टेबलावर. त्यामुळे ज्या कायद्याशी आमचा रोजचा संबंध आला, त्याचंच उदाहरण घेऊन उत्तर देतो. तो कायदा म्हणजे 'रेरा', स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, 2016.

आधी जुने दिवस आठवा. आपल्या इंदूरमध्ये डायरीवर प्लॉट विकले जात. मंजुरीचा पत्ता नाही, नकाशा कच्चा, आणि हातात काय, तर एका डायरीत लिहिलेली रक्कम आणि सही. फ्लॅटचं वेगळंच. हजार फुटांचे पैसे भरायचे आणि घरात राहायला गेल्यावर टेप लावली की सातशे फूट भरायचे. उरलेले तीनशे 'सुपर बिल्टअप'मध्ये, म्हणजे जिन्यात, लॉबीत आणि बिल्डरच्या कल्पनेत.

करारनाम्यातलं व्याज हा तर आमचा नेहमीचा दुखरा विषय. हिशेब करून दाखवतो. समजा फ्लॅट 40 लाखांचा आहे. ग्राहकाचा हप्ता चुकला तर 18 टक्के व्याज, म्हणजे पूर्ण रकमेवर महिन्याला 60,000 रुपये. बिल्डरने ताबा द्यायला उशीर केला तर फुटाला महिना 5 रुपये, म्हणजे हजार फुटांना 5,000. कागद एकच, पण दोघांची मापं वेगळी. असे करार आमच्या टेबलावरून शेकड्यांनी गेले. कर्जासाठी टायटल स्वच्छ आहे ना, एवढंच आम्ही बघत होतो. पैसे त्या इमारतीत लागतात की दुसऱ्या साइटवर जातात, हे बघणं आमचंही काम होतं, आणि ते आम्ही नीट केलं नाही. निवृत्तीचा सगळा फंड घालून घराचं भाडं आणि कर्जाचा हप्ता असे दोन्ही भरणारे लोक समोर येऊन बसत, तेव्हा त्यांच्याकडे वर मान करून बघायला जड जाई.

आता कायद्याकडे येऊ. हे विधेयक ऑगस्ट 2013 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. ते आधी नगरविकास खात्याच्या स्थायी समितीकडे गेलं. सरकार बदललं, दुरुस्त्या आल्या, आणि मे 2015 मध्ये राज्यसभेने ते एका प्रवर समितीकडे सोपवलं. समितीचे अध्यक्ष होते अनिल माधव दवे, म्हणजे उज्जैन जिल्ह्यातल्या बडनगरचे आणि इंदूरला शिकलेले आपल्याच भागातले खासदार.

प्रवर समिती म्हणजे एकाच विधेयकासाठी नेमलेली, सर्व पक्षांच्या खासदारांची छोटी समिती. तिच्या बैठकी बंद दाराआड होतात. तिथे कॅमेरा नसतो, म्हणून घोषणाही नसतात. खात्याचे सचिव येतात, व्यावसायिकांच्या आणि ग्राहकांच्या संघटना येतात, कायद्याचे जाणकार येतात. याला 'साक्ष' म्हणतात. आधी अध्यक्ष प्रश्न विचारतात, मग एकेक सदस्य. शब्दन् शब्द टिपला जातो. साक्षीदाराला सुरुवातीलाच सांगतात की तुमची साक्ष सार्वजनिक मानली जाईल. एखादी गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं, आणि तरीही ती खासदारांना उपलब्ध होऊ शकते. आमच्या ऑडिटसारखंच म्हणा ना. मोठी भाषणं तिथे चालत नाहीत, व्हाउचर दाखवावं लागतं.

साक्षी संपल्या की समिती एकेक कलम घेऊन बसते. जुलै 2015 अखेर या समितीचा अहवाल आला. मूळ विधेयकात इमारतीतल्या बांधकामाच्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर दोन वर्षं होती. समितीने पाच सुचवली. गळती पहिल्या दोन पावसाळ्यांत दिसली नाही तर तिसऱ्यात दिसते, हे घरात राहणाऱ्यालाच कळतं. नोंदणी फक्त 1,000 चौरस मीटरवरच्या किंवा 12 फ्लॅटवरच्या प्रकल्पांना लागणार होती. समितीने ती मर्यादा 500 चौरस मीटर आणि 8 फ्लॅटवर आणली. आपल्या गल्ल्यांत जुना वाडा पाडून उभ्या राहतात त्या तीनमजली इमारती यातल्या बऱ्याच. आणि व्याज दोघांना सारखं असावं, हेही समितीने सुचवलं. वरचा साठ हजार आणि पाच हजारांचा हिशेब तिथे संपला. या तिन्ही गोष्टी आज कायद्यात आहेत.

एका मुद्द्यावर मात्र समिती कमी पडली, असं आमचं मत आहे. ग्राहकांकडून आलेल्या पैशातला किती भाग त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवायचा? 2013 च्या विधेयकात 70 टक्के होते, पण राज्य सरकारला ते कमी करण्याची मुभा होती. नंतरच्या दुरुस्तीत ते 50 वर आले आणि समितीने 50 च ठेवले. व्यावसायिकांचं म्हणणं असं की जमिनीचा पैसा आधीच गुंतलेला असतो, तो मोकळा व्हायला हवा. त्यात तथ्य नाही असं नाही. पण आम्ही खाती बघितलेली माणसं. मोकळा झालेला पैसा कुठे जातो हे आम्हाला माहीत आहे. काही सदस्यांनी अहवालाला मतभेदाच्या टिपा जोडल्या, बाहेर टीका झाली, आणि शेवटी कायद्यात 70 टक्के आले. त्या खात्यातून पैसे काढायचे तर काम जितकं झालं तितकेच, तेही इंजिनीअर, आर्किटेक्ट आणि चार्टर्ड अकाउंटंट अशा तिघांच्या दाखल्यावर. या तिसऱ्या सहीला आमच्या मते सोन्याचं मोल आहे.

मार्च 2016 मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं. काही कलमं 1 मे 2016 ला, उरलेली 1 मे 2017 ला लागू झाली. त्यानंतर सतरा दिवसांनी दवे यांचं निधन झालं.

हे फक्त घरांपुरतं नाही. सरोगसी विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मंजूर झालं, तेव्हा सरोगेट आई 'जवळची नातेवाईक'च हवी अशी अट होती, आणि जोडप्याने मुलासाठी पाच वर्षं वाट पाहायची होती. राज्यसभेच्या प्रवर समितीने दोन्ही अटी काढायला सांगितल्या आणि सरोगेट आईचा विमा 16 महिन्यांवरून 36 महिने करायला सांगितला. 2021 च्या कायद्यात ते आलं. घरातल्या कोणत्या सुनेवर किंवा बहिणीवर दबाव आला असता, याचा विचार करून बघा.

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हेही सांगितलं पाहिजे. आणि समितीकडे जाणारी विधेयकंच कमी झाली आहेत. पीआरएस या संस्थेच्या नोंदीनुसार पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्यात सुमारे 16 टक्के. म्हणजे ज्या खोलीत प्रश्न विचारले जातात ती खोलीच बहुतेक वेळा उघडत नाही.

उघडते तेव्हा आपण काय करायचं? समिती वर्तमानपत्रात आणि संसदेच्या वेबसाइटवर सूचना मागवते. मुदत बहुधा पंधरा दिवसांच्या आसपास असते. कुणीही नागरिक लेखी निवेदन पाठवू शकतो, मंडळही पाठवू शकतं, आणि साक्षीला यायची इच्छा असेल तर त्यात तसं लिहिता येतं. आम्ही नोकरीत असताना अशा जाहिराती कित्येकदा पाहिल्या आणि पान उलटलं. निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावं. कलमाचा नंबर, त्यात अडचण काय आणि त्याजागी कोणते शब्द हवेत, एवढं दोन पानांत बसवावं. सोबत आपला अनुभव लिहावा, शक्य तर कागदाच्या प्रतीसह. तक्रारींचं पुराण लिहू नये, ते कुणी वाचत नाही.

भाडेकरू कायद्याचा विषय आपल्या दाराशी आहेच. केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. राहत्या घराची अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकी, अशी त्यात तरतूद आहे. त्यावर कायदा करायचा की नाही, हे राज्यांनी ठरवायचं आहे. आपल्या मंडळात वाड्याचे मालकही आहेत आणि त्याच वाड्यांतले जुने भाडेकरूही. दोघांनी एकाच टेबलावर बसून निवेदन लिहायचं ठरवलं तर रविवारी सकाळी आम्ही वाचनालयात असतोच. येताना जुने करार घेऊन या, आणि भाड्याच्या पावत्या असतील तर त्याही.