क्रँकशाफ्ट कशावर तरंगतो?

बोटीचं डिझेल इंजिन धडधडत असतं, तेव्हा आतला जडशीळ क्रँकशाफ्ट बेअरिंगला जवळजवळ टेकलेलाच नसतो. दोघांमध्ये ऑइलचा केसाहूनही पातळ पापुद्रा असतो आणि सगळा भार तोच पेलतो. हे १८८३ मध्ये बीचम टॉवर या इंग्रज इंजिनिअरच्या ध्यानीमनी नसताना हाती लागलं. रेल्वेच्या आसाचं बेअरिंग तपासताना त्याने वरून तेल सोडायला भोक पाडलं, तर तेल उलट बाहेर यायला लागलं. बूच बसवलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकली. शेवटी दाबमापक लावला, तर काटा चौरस इंचाला २०० पौंडांवर, बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुप्पट! तीन वर्षांनी ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं: फिरणारा आस तेलाला निमुळत्या फटीत ओढत नेतो आणि तिथे कोंडलेलं तेल त्यालाच उचलून धरतं.

म्हणजे जुन्या इंजिनात कोणतं ऑइल घालायचं, हा प्रश्न आधी या पापुद्र्याचा. कॅनवरच्या १५डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीतल्या स्टार्टिंगचा. कोकण किनाऱ्यावर त्याची चिंता कशाला? ४० मात्र महत्त्वाचा. तेल १०० अंशांना किती घट्ट राहतं ते तो सांगतो.

पण कित्येक जुनी इंजिनं तेवढी तापतच नाहीत. ती थेट समुद्राच्या पाण्याने गार होतात आणि फार तापलेल्या खाऱ्या पाण्यातून आत क्षार साठतात, म्हणून पाणी साधारण ६० अंशांच्या आसपासच ठेवलेलं असतं. अशा थंड इंजिनात रिंगांवरून खाली उतरलेलं डिझेल आणि ओल तेलातून उडून जात नाहीत. काही जुन्या पुस्तिकांत साधं ३० नंबरचं ऑइल लिहिलेलं असतं, ते इंजिन बनवणाऱ्याने विचार करूनच. माझं मत विचाराल, तर इथे उंची ऑइल घेण्यापेक्षा साधं ऑइल वेळेवर बदलण्यात पैसे घालावेत.

दुसरी गंमत रसायनाची. डिझेलमधलं गंधक जळलं की वाफेशी मिळून गंधकाम्ल होतं. ते मारायला ऑइलमध्ये काय असतं? चुनखडी! कॅल्शियम कार्बोनेटचे कण, पण इतके बारीक की तेल पारदर्शकच दिसतं. गंधकाने भरलेलं जड इंधन जाळणाऱ्या मोठ्या जहाजांच्या सिलिंडर ऑइलमध्ये ही अल्कली ट्रकच्या ऑइलच्या कितीतरी पट असते. रस्त्यावरच्या डिझेलमधलं गंधक भारतात एप्रिल २०२० पासून दशलक्षाला १० भागांवर आलं, त्यामुळे ते डिझेल वापरणाऱ्या बोटीला फार अल्कलीची गरज उरलेली नाही. ही अल्कली जळली की मागे राख उरते. सीके-४ सारख्या नव्या दर्जाच्या ऑइलांत या राखेला मर्यादा घातली, ती नव्या गाड्यांच्या धुराच्या फिल्टरसाठी. जुन्या बोटीला तो फिल्टरच नाही, तेव्हा आधीच्या सीआय-४ दर्जावर बहुतेकांचं छान भागतं.

बहुतेकांचं, सगळ्यांचं नाही. १९३८ मध्ये आलेली डेट्रॉइट डिझेल इंजिनांची ७१ मालिका टू-स्ट्रोक. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या होड्या तिच्यावर धावल्या आणि ती इंजिनं अजूनही बोटींवर भेटतात. त्यांना मल्टिग्रेड नको. कमी राखेचं, सीएफ-२ दर्जाचं, निव्वळ ४० नंबरचं ऑइल लागतं. दुकानदार ‘सगळ्यांना चालतं’ म्हणून दुसराच कॅन पुढे करील, पण इथे पुस्तिकेचंच ऐकायचं.

आणि पावसाळ्यात बोट वर काढायची असेल, तर ऑइल आधी बदलायचं, नारळी पौर्णिमेला नाही. जुन्या तेलातली ओल आणि आम्लं बंद इंजिनातही बेअरिंगचा धातू खात राहतात. नवं घालून मशीन थोडा वेळ चालवायचं, म्हणजे ते सगळीकडे पोचतं.