अंगणातली शेड बंदिस्त करताना
जुन्नर-आंबेगावात पत्र्याच्या शेडखाली ट्रॅक्टर, दुचाकी उभी असते आणि रात्री तिथंच कुत्रं निजतं. शेजारच्या उसात दडलेला बिबट्या त्याच्यासाठी अंगणात येतो. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र इथलंच, यावरून प्रश्न किती जुना ते कळावं. शेड बंद करायची तर तीन फूट विटांची भिंत बांधा आणि वर थेट पत्र्यापर्यंत वेल्डमेश जाळी लावा. अर्ध्यावर सोडलेली जाळी बिबट्या सहज ओलांडतो. उघड्या शेडमधून वारा आरपार जातो, बंद केल्यावर भिंतीवर आदळतो. म्हणून खांबांचे पाये आधी मिस्त्रीकडून तपासून घ्या. जाळीऐवजी सगळीकडून पत्रे ठोकलेत, तर शटर लावून इंजिन कधीही चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.