जुने तांत्रिक ग्रंथ परदेशी विद्यापीठांना : भिलाईतील दात्यांनी काय ध्यानात घ्यावे?

भिलाई : निवृत्तीनंतर घर बदलताना किंवा वडिलांच्या पश्चात कपाट रिकामे करताना अभियंत्यांच्या कुटुंबांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. आयुष्यभर जपलेल्या तांत्रिक ग्रंथांचे करायचे काय? छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाईसारख्या पोलादनगरीत हा प्रश्न अधिकच जाणवतो. रद्दीत देणे जिवावर येते. परदेशातील एखाद्या गरजू विद्यापीठाला ते उपयोगी पडतील, हा विचार त्यामुळे आकर्षक वाटतो. मात्र असे दान सफल होण्यासाठी काही बाबी आधी तपासणे आवश्यक ठरते.

भिलाईचे ग्रंथधन

भिलाई पोलाद प्रकल्पासाठी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. पुढील दशकांत मॉस्कोच्या ‘मीर’ प्रकाशनाची इंग्रजी तांत्रिक पुस्तके अल्प दरात भारतात उपलब्ध होत असत. पाश्चात्त्य ग्रंथांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्याही विद्यार्थ्यांच्या हाती आल्या.

भारत स्वतः दीर्घकाळ अशा साहाय्याचा लाभार्थी होता. १९५१ मध्ये अमेरिकेने दिलेल्या १९ कोटी डॉलरच्या गहूकर्जाच्या व्याजातील ५० लाख डॉलरपर्यंतची रक्कम शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी राखून ठेवण्यात आली होती. तीतून भारतीय उच्च शिक्षण संस्थांना पुस्तके व उपकरणे मिळाली.

आपत्तीनंतरचे दान

विद्यापीठांना ग्रंथ भेट देण्याची परंपरा जुनी आहे. १९१४ मध्ये बेल्जियममधील लुवें विद्यापीठाचे ग्रंथालय जाळण्यात आले, तेव्हा अनेक देशांतून पुस्तके गोळा झाली. १९२३ च्या भूकंपात टोकियोच्या विद्यापीठाचे ग्रंथालय भस्मसात झाले. त्यात संस्कृत पंडित माक्स म्युलर यांचा संग्रहही नष्ट झाला. तेथेही जगभरातून ग्रंथ पोहोचले. इराकमधील मोसुल विद्यापीठाचे ग्रंथालय ‘इस्लामिक स्टेट’च्या ताब्याच्या काळात उद्ध्वस्त झाले. शहर २०१७ मध्ये मुक्त झाल्यावर त्याला देशोदेशींहून पुस्तके मिळाली आणि २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

कोणती पुस्तके उपयोगी?

गणित, यामिकी, ऊष्मागतिकी, धातुशास्त्राची मूलतत्त्वे यांवरील ग्रंथ अनेक वर्षांनीही उपयोगी पडतात. संगणक, विद्युत संहिता, सुरक्षा मानके यांवरील जुनी पुस्तके मात्र दिशाभूल करू शकतात. कालबाह्य, वाळवी लागलेल्या वा पाने गळालेल्या ग्रंथांचा भार घेणाऱ्या संस्थेवरच पडतो. त्यांची छाननी, नोंदणी आणि शेवटी विल्हेवाट तिलाच करावी लागते.

नियतकालिकांची स्थिती वेगळी आहे. २००२ पासून सुरू झालेल्या आणि आता ‘रिसर्च फॉर लाइफ’ या नावाने एकत्र आलेल्या उपक्रमांमुळे अल्प उत्पन्न देशांतील संस्थांना हजारो शोधपत्रिका संगणकावर विनामूल्य वा नाममात्र दरात मिळतात. त्यामुळे छापील अंकांचे सुटे गठ्ठे सहसा कोणाला नको असतात. सलग, पूर्ण संच असेल तरच विचारणा करणे योग्य.

स्वस्त आवृत्तीचा पेच

अनेक भारतीय आवृत्त्यांवर त्या केवळ भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका यांसारख्या ठरावीक देशांत विक्रीसाठी असल्याची सूचना छापलेली असते. अशा आवृत्त्या अमेरिकेत विकण्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्णय दिला. याउलट, परदेशात कायदेशीररीत्या छापलेली प्रत अमेरिकेत पुन्हा विकता येते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरविले. दोन्ही खटले विक्रीचे होते, दानाचे नव्हते. तरीही ग्रंथ पाठविण्यापूर्वी ही सूचना वाचून पाहणे हिताचे आहे.

या दृष्टीने शेजारी देश अधिक सोयीचे ठरतात. नेपाळमधील त्रिभुवन विद्यापीठाची स्थापना १९५९ चीच. तेथे अभियांत्रिकीचे शिक्षण इंग्रजीतून दिले जाते आणि रक्सौल–वीरगंज मार्गे माल रस्त्याने नेता येतो.

खर्च आणि मार्ग

आंतरराष्ट्रीय टपाल नियमांत एकाच पत्त्यावर जाणाऱ्या छापील साहित्यासाठी ‘एम-बॅग’ची तरतूद असून तिची कमाल वजनमर्यादा ३० किलो आहे. किलोभर वजनाची जेमतेम तीस पुस्तके तीत मावतात. भारतीय टपाल खात्याने १ मे २०२५ पासून सुरू केलेली ‘ज्ञान पोस्ट’ सेवा स्वस्त असली, तरी ती देशांतर्गतच आहे. १९५० च्या फ्लॉरेन्स करारात सहभागी देश पुस्तकांवर आयात शुल्क आकारत नाहीत. परंतु बंदरावरील हाताळणी व अंतर्गत वाहतुकीचा खर्च कोणी सोसायचा, हे आधी ठरलेले असावे.

म्हणून पहिले पाऊल पुस्तके बांधण्याचे नसून यादी करण्याचे आहे. लेखक, आवृत्ती, वर्ष आणि स्थिती नमूद केलेली यादी संबंधित ग्रंथपालाकडे पाठवावी आणि लेखी होकार आल्यावर केवळ मागितलेलीच पुस्तके रवाना करावीत. उरलेल्या ग्रंथांसाठी दुर्ग–भिलाई परिसरातील तंत्रनिकेतने व महाविद्यालयांकडे विचारणा करता येते. वाहतुकीचा खर्च पुस्तकांच्या मोलाहून अधिक होत असेल, तर जवळचा विद्यार्थीच त्यांचा खरा वारस ठरतो.