एकाच कानाने कमी ऐकू येते काय?

उतारवयात कान मंद होतात, पण ते बहुधा दोन्ही. एकच कान हळूहळू बधिर होत असेल, त्यात सतत गुणगुण होत असेल, बांधावरून चालताना तोल जात असेल, किंवा त्या कानाला फोन लावल्यास आवाज येऊनही शब्द कळत नसतील, तर मळ समजून कानात तेल ओतू नये. क्वचित यामागे कानाच्या नसेवरील गाठ असते.

ही गाठ कर्करोगाची नव्हे. तोल सांभाळणाऱ्या नसेच्या वेष्टनातून ती निघते व बहुधा सावकाश वाढते. हाडाच्या एकाच अरुंद नळीतून ही नस, ऐकण्याची नस व चेहरा हलविणारी नस शेजारी-शेजारी जातात. म्हणून गाठ काढणे म्हणजे पिकाला बिलगलेले तण मुळांना धक्का न लावता खुरपणे होय.

शंभर वर्षांपूर्वी रोग्याचा जीव वाचला तरी पुष्कळ मानले जाई. १९६० नंतर अमेरिकेतील डॉ. विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शक वापरून ही शस्त्रक्रिया पुष्कळ सुरक्षित केली. आता चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक तारा बसवितात. नसेला सौम्य विद्युत्‌स्पर्श होताच यंत्र इशारा देते व नस कोठे आहे ते सर्जनला कळते.

कानामागून किंवा कानाच्या वरून गेल्यास ऐकणे वाचण्याची आशा असते. आतल्या कानातून गेल्यास चेहऱ्याची नस चांगली दिसते, पण त्या कानाचे ऐकणे कायमचे जाते. गाठ लहान असताना दोन्ही वाचण्याचा संभव अधिक. मोठी गाठ नसेला चिकटली असेल, तर सर्जन पातळ थर मुद्दाम ठेवतात. ते अर्धवट काम नव्हे. लहान गाठीवर कधी नुसती नजर ठेवतात, कधी किरणोपचार करतात.

शस्त्रक्रियेनंतर चेहरा वाकडा झाल्यास धीर सोडू नये. नस शाबूत असेल तर काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारणा होऊ शकते. तोवर मिटत नसलेला डोळा जपावा: दिवसा थेंब, रात्री मलम व पट्टी. मळणीच्या धुळीत व फवारणीत जाऊ नये.

गेलेले ऐकणे मात्र सहसा परत येत नाही. तेव्हा लक्षणे दिसताच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणतपासणी करून घ्यावी व त्यांनी सांगितल्यास एम.आर.आय. काढावा. कान अचानक बंद झाला, तर त्याच दिवशी जावे. घरच्यांनीही अशा माणसाशी चांगल्या कानाच्या बाजूने बोलावे, आणि मिस्सेच्या वेळी प्रवचन त्या कानावर पडेल अशी जागा त्याला द्यावी.