‘जातो’ नव्हे, ‘येतो’: जपानी खेड्यातील निरोपाचे दिवस

जपानच्या क्यूशू बेटावरील बेप्पू हे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. शहरामागच्या डोंगरावर २००० साली रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक विद्यापीठ सुरू झाले. तेथील जवळपास निम्मे विद्यार्थी परदेशांतून आलेले असतात. त्यांत भारतीयही आहेत. या विद्यापीठात मार्चप्रमाणेच सप्टेंबरमध्येही पदवीदान होते. त्यामुळे सप्टेंबरमध्ये शिक्षण संपवून मायदेशी निघणाऱ्याचे अखेरचे आठवडे ऐन ऑगस्टमध्ये सुरू होतात.

हे आठवडे धावपळीचे. नगरपालिकेत स्थलांतराची नोंद करायची, आरोग्य विम्याचा हिशेब मिटवायचा, बँकेचे खाते आणि मोबाईलचा करार बंद करायचा. खोलीतली गादी किंवा टेबल टाकून द्यायचे तरी आधी वेळ ठरवून शुल्क भरावे लागते. परदेशी नागरिकाचे निवासपत्र मात्र शेवटपर्यंत जवळ ठेवावे लागते; ते विमानतळावर परत करायचे असते. या गडबडीत एक काम हटकून मागे पडते. ते म्हणजे खेड्यातील यजमान कुटुंबाची भेट. कोणत्याही कार्यालयात त्याची नोंद नसते, म्हणून ते टळते.

बेप्पूच्या वायव्येस, त्याच ओइता प्रांतात, आजिमु नावाचे खोरे आहे. २००५ पासून ते उसा शहराचा भाग आहे. धुके, भातशेती आणि द्राक्षमळे ही त्याची ओळख. गावाच्या नावातील पहिल्या दोन चित्राक्षरांचा अर्थ ‘मनाची निश्चिंती’ असा होतो. मात्र तरुण मंडळी शहरांकडे गेली आणि मोठमोठ्या घरांत वृद्ध दांपत्येच उरली, तेव्हा ही निश्चिंती डळमळू लागली. जर्मनीतील शेतकरी पाहुण्यांना घरी कसे ठेवतात, हे पाहून येथील शेतकऱ्यांनी १९९६ मध्ये एक मंडळ स्थापन केले आणि शेतघरातील मुक्कामाची प्रथा सुरू केली. अडचण कायद्याची होती. हॉटेलचे नियम साध्या शेतघराला झेपणारे नव्हते. तेव्हा पाहुण्यालाच मंडळाचा सभासद करून घेण्याची युक्ती निघाली. पुढे २००२ मध्ये प्रांत सरकारने नियम शिथिल केले आणि आजिमुची वाट इतर गावांनाही मोकळी झाली.

मंडळाचे एक ब्रीद आहे: एकदा राहिलात तर दूरचे नातलग, दहादा राहिलात तर खरे नातलग. व्यवहार पैशाने सुरू होतो, हे येथे कुणी लपवत नाही. पण दुसऱ्या खेपेस दारात यजमानीणबाई ‘या, या’ असे स्वागत न करता ‘ओकाएरी’ म्हणतात, तेव्हा काहीतरी बदललेले असते. बाहेरून घरी परतलेल्या माणसालाच हा शब्द वापरतात. पाहुण्याने उत्तर द्यायचे ‘तादाइमा’, म्हणजे ‘आलो’.

ऑगस्टच्या मध्याला बहुतेक जपानमध्ये ओबोन असतो. पितर घरी येतात, अशी श्रद्धा. नोकरीला गेलेली मुले-नातवंडेही गावी येतात. चवथीला मूळ घर गाठण्यासाठी धडपडणाऱ्या गोव्यातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. या दिवसांत घर भरलेले असते, म्हणून भेटीची वेळ आधी विचारूनच ठरवावी. नेलेली भेटवस्तू दोन्ही हातांनी द्यावी. अनेक घरांत ती प्रथम पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवतात. तेथे उदबत्ती लावून हात जोडण्याची अनुमती मागितली, तर सहसा नकार मिळत नाही. महागड्या वस्तूची गरज नाही; उलट तिची परतफेड करण्याचे ओझे वृद्ध यजमानांवर पडते. गावाकडचा मसाला किंवा काजू पुरेत. न्हाणीघरात पाहुण्याला पहिला मान मिळतो. मात्र अंग बाहेरच स्वच्छ धुऊन मग टबात उतरावे, कारण तेच पाणी सगळ्या घराला वापरायचे असते.

दिवसा द्राक्षांची तोडणी, संध्याकाळी एकत्र स्वयंपाक, यांपलीकडे अशा भेटीत फारसे काही घडत नाही. बोलणेही थोडेच होते. पण यजमान सत्तरी ओलांडलेले असतात. पाच वर्षांनी येतो म्हटले, तर हे दार उघडे असेलच असे नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. वयोमानामुळे पाहुणे ठेवणे थांबवावे लागते.

तरीही निघताना ‘सायोनारा’ म्हणण्याचा प्रघात घरच्या माणसांत नाही. निघणारा म्हणतो ‘इत्तेकिमास’, म्हणजे ‘जाऊन येतो’. घरचे म्हणतात ‘इत्तेराश्शाई’, ‘जाऊन ये’. मराठी घरांतही उंबरठ्यावरून कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’च म्हणतात. गाडी वळणाआड जाईपर्यंत यजमान रस्त्यावर हात हलवत उभे राहतात. गाडीतल्यानेही तोवर मागे वळून पाहावे, अशी अपेक्षा असते.

निघण्यापूर्वी एक गोष्ट विसरू नये: घराचा पत्ता जपानी लिपीत यजमानांकडूनच लिहून घ्यावा. अनेक वृद्ध यजमान संगणकावरचा पत्रव्यवहार करत नाहीत. मायदेशी पोहोचल्यावर चार ओळींचे हस्तलिखित पत्र आणि एखादे छापील छायाचित्र टपालाने पाठवायचे, तर तोच कागद कामी येतो.