गाव आखायचं कोणी?

बालमित्रांनो, दिवाळीत मातीचा किल्ला तर तुम्ही करताच! आठवून बघा, किल्ला करताना काय काय ठरवावं लागतं. बुरूज कुठे, दरवाजा कुठल्या बाजूला, विहीर कुठे, मोहरी पेरून शेत कुठे करायचं. एखाद्याचा बुरूज फारच झोकदार होतो, पण वर जायला वाटच राहत नाही! मग मावळे चढणार कसे? पाणी भरणार कुठून? नुसता बुरूज देखणा असून भागत नाही. सगळा किल्ला नांदता व्हायला हवा.

आपल्या गावांचं आणि शहरांचंही अगदी असंच असतं, बरं का! घर, शाळा, दवाखाना अशा इमारतींचे आराखडे तयार करतो तो वास्तुविशारद, म्हणजे आर्किटेक्ट. आणि या इमारती कुठे असाव्यात, रस्ता किती रुंद हवा, पाणी कुठून येणार आणि सांडपाणी कुठे जाणार, मैदानासाठी जागा कुठे राखायची, हे ठरवतो तो नगररचनाकार. बरेच जण आधी वास्तुकला शिकतात आणि मग नगररचनेकडे वळतात. एक खोली नीट मांडता येऊ लागली की अख्खी गल्ली मांडावीशी वाटते, गल्लीनंतर गाव!

एकदा चौथीच्या वर्गात मी मुलांना घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढायला सांगितला. कुणी वडाचं झाड काढलं, कुणी पिठाची गिरणी, कुणी तर वाटेतलं भुंकणारं कुत्रंसुद्धा. एका मुलीची वाट मात्र भलतीच वळणावळणाची होती. तिचं घर शाळेच्या खिडकीतून दिसतं! मी विचारलं, "अगं, इतकी लांब वाट कशी?" ती म्हणाली, "बाई, मधे नाला आहे ना. पावसात पाणी असतं. मग आम्ही हायवेवरून फिरून येतो." मोठ्या माणसांच्या नकाशात नाला म्हणजे एक निळी रेघ. त्या मुलीसाठी मात्र ती रेघ म्हणजे रोजची मोठी पायपीट आणि भरधाव जाणारे ट्रक. नगररचनाकाराला अशा रेघा वाचता याव्या लागतात.

आता एका खऱ्याखुऱ्या शहराची गोष्ट ऐका. तुमच्यापैकी काहीजण तिथे राहतही असतील.

मुंबई हे लांबट, चिंचोळं शहर. तीन बाजूंना पाणी. बहुतेक कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला आणि माणसं राहणार उत्तरेला. म्हणून सकाळी सगळी गर्दी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी तीच गर्दी उलट उत्तरेकडे! १९६४ मध्ये मुंबईचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यावर लोकांकडून सूचना मागवल्या गेल्या. तेव्हा तिघांनी मिळून एक वेगळीच सूचना मांडली. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे दोघे वास्तुविशारद, आणि शिरीष पटेल हे सिव्हिल इंजिनिअर. मुंबईतला केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल पटेलांनीच आखलेला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. मुंबईला आणखी उत्तरेकडे ताणत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे पूर्वेला नवं शहर वसवा. घरं तिथे आणि नोकऱ्याही तिथेच! १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात त्यांची कल्पना छापून आली. पुढे सरकारने ती उचलून धरली. १९७० मध्ये सिडको ही संस्था स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले. तीच आजची नवी मुंबई! विचार करा, तीन नागरिकांच्या सूचनेतून केवढं शहर उभं राहिलं! २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत ११ लाखांहून जास्त माणसं मोजली गेली.

पण कागदावरचं सगळंच जसंच्या तसं उतरत नाही. खाडीवरचा वाशीचा पूल १९७३ मध्ये झाला, पण लोकलगाडी वाशीला पोचायला १९९२ साल उजाडलं. मंत्रालय तर मुंबईतच राहिलं. त्यामुळे कितीतरी माणसं राहायला नव्या शहरात आणि कामाला जुन्या, अशी ये-जा करत राहिली. नगररचनेत ही फार मोठी शिकवण आहे. घर, काम आणि वाहन या तिन्ही गोष्टींचा मेळ बसावा लागतो.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. नवी मुंबईची जागा नकाशावर मोकळी दिसत असली, तरी रिकामी नव्हती. तिथे ९५ गावं होती. आगरी, कोळी माणसांची भातशेती होती, मिठागरं होती, मासेमारी होती. जमिनी गेल्या, पण मोबदला पुरेसा नाही म्हणून लोक दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली एकवटले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासईच्या परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत देण्याची योजना आली. म्हणून मुलांनो, नकाशावर रेघ ओढण्याआधी त्या रेघेखाली कुणाचं शेत आहे, कुणाची चूल पेटते आहे, हे जाऊन बघावं लागतं.

याच शहरात बेलापूरला कोरियांनी १९८० च्या दशकात एक वसाहत आखली. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती. अशी तीन अंगणं मिळून एक मोठं अंगण. म्हणजे एकवीस घरांची मुलं तिथे एकत्र खेळणार! कुठल्याच घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. का बरं? घरात माणसं वाढली, हातात चार पैसे आले, की शेजाऱ्याला न विचारता आपलं घर वाढवता यावं म्हणून! वास्तुविशारद आणि नगररचनाकार एकाच माणसात असले की अशी युक्ती सुचते.

आता पालकांच्या मनातला प्रश्न. हे सगळं शिकायचं कुठे? बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पाच वर्षांची वास्तुकलेची पदवी घेता येते. त्यासाठी 'नाटा' किंवा 'जेईई मेन'मधला वास्तुकलेचा पेपर द्यावा लागतो. त्यानंतर दोन वर्षांची नियोजनाची पदव्युत्तर पदवी. तिला सिव्हिल इंजिनिअर जातात, आणि काही ठिकाणी भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्राचे पदवीधरही जातात. थेट बारावीनंतर चार वर्षांची नियोजनाची पदवीही आहे. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, खरगपूरची आयआयटी, पुण्याचं सीओईपी, अहमदाबादचं सेप्ट अशा ठिकाणी हे शिक्षण मिळतं. सेप्ट ज्यांनी घडवलं ते बाळकृष्ण दोशी मूळचे पुण्याचे! तिथेच १९२७ मध्ये जन्मले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, आणि २०१८ मध्ये त्यांना वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

शिकल्यावर राज्याच्या नगर रचना विभागात, महापालिकांत, सिडको किंवा एमएमआरडीएसारख्या संस्थांत आणि खाजगी सल्लागारांकडे काम असतं. सरकारी पदांसाठी लोकसेवा आयोगाची परीक्षा असते.

मात्र आईबाबांनो, एक सांगून ठेवते. "पोराचं ड्रॉइंग चांगलं आहे" एवढ्यावर हा रस्ता निवडू नका. यात आकडेमोड आहे, कायदा आहे, उन्हात फिरणं आहे, आणि सर्वांत मुख्य म्हणजे लोकांचं ऐकून घेणं आहे. शिवाय धीर हवा. इमारत दोनतीन वर्षांत उभी राहते. शहराचा विकास आराखडा वीस वर्षांसाठी असतो. आज लावलेल्या रेघेची सावली पुढच्या पिढीच्या अंगणात पडते.

आणि मुलांनो, तुम्हाला मात्र बारावीपर्यंत थांबायची गरज नाही! या रविवारी घर ते शाळा नकाशा काढा. पावलं मोजा. सावली कुठे आहे, दिवा कुठे नाही, रस्ता ओलांडायला भीती कुठे वाटते, आजीला बसायला कट्टा कुठे आहे, हे सगळं खुणा करून दाखवा. मग मोठ्यांना विचारा, आपल्या गावाचा विकास आराखडा झालाय का? त्यात खेळाचं मैदान कुठे दाखवलंय? आणि त्या जागेवर आज खरंच मैदान आहे का? आराखडा जाहीर होतो तेव्हा ठराविक मुदतीत कोणीही नागरिक हरकती आणि सूचना लिहून देऊ शकतो. आईबाबांच्या सहीने तुमचा नकाशाही त्या अर्जाला जोडता येईल. तेव्हा पेन्सिलीला टोक काढून ठेवा!