ठेका कोण धरतं?

दिवाळी सरली की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडळ्यांच्या गाड्या संध्याकाळी गावोगाव निघतात आणि खेळ रात्रभर रंगतो. तबलजीचा ठेका सुटला, तर गाणारा तिथंच अडखळतो. त्याच रात्री मंडपातल्या प्रत्येकाच्या छातीत तीस हजारांवर ठेके पडतात. ते कोण धरतं?

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका म्हणतात. उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागात पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. त्याला मेंदूच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. तो आपणहून विजेची लहर सोडतो. मेंदू फक्त वेग वाढवतो किंवा उतरवतो. १९०७ मध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी या पुंजक्याचं वर्णन केलं. फ्लॅक तेव्हा विद्यार्थी होता, आणि त्याला तो दिसला मोल नावाच्या, बिळात राहणाऱ्या चिमुकल्या प्राण्याच्या हृदयात! आदल्याच वर्षी जपानच्या सुनाओ तावारांनी दुसरी गाठ शोधली होती. ही गाठ लहरीला सेकंदाचा सुमारे दहावा भाग अडवून धरते, तेवढ्यात खालचे कप्पे रक्तानं भरतात. मला सगळ्यात नवल वाटतं ते या थांब्याचं.

पण कधी ही लय बिघडते आणि कर्णिकांमध्ये मिनिटाला चारपाचशे लहरी उसळतात. कर्णिका आकुंचन पावत नाहीत, नुसत्या थरथरतात. नाडी वेडीवाकडी पडते. डाव्या कर्णिकेच्या कोपऱ्यात रक्त साकळतं, त्याची गुठळी सुटून मेंदूत अडकते आणि माणसाला लकवा मारतो.

गडचिरोलीत ही गोष्ट दूरची नाही. ‘सर्च’ संस्थेनं जिल्ह्यातल्या ८६ गावांमधल्या मृत्यूंची कारणं तपासली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिला क्रमांक लकव्याचा होता: सातातला एक मृत्यू. प्रत्येक लकवा बिघडलेल्या लयीतून येत नाही. वाढलेला रक्तदाब हा मोठा दोषी. पण तोच रक्तदाब वर्षानुवर्षं कर्णिका ताणून लयही मोडतो. लहानपणीच्या सांधेतापानं झडप आकसली असेल, तरीही हेच घडतं.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर नाडी पाहावी. ठोके अनियमित लागले तर ईसीजी काढावा. भोवळ येऊन पडणं, छातीत दुखणं, धाप लागणं किंवा तोंड वाकडं होणं दिसलं, तर सकाळची वाट पाहू नये. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं.

ठोके फार मंदावले तर पेसमेकर बसवतात. थरथर असेल तर बहुतेकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते, आणि बरं वाटतंय म्हणून ती परस्पर सोडणं घातक. त्यातली वॉरफरिन घेणाऱ्यांना ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं. त्यांनी पालेभाजी बंद करू नये, पण तिचं प्रमाण सारखं ठेवावं. कारण भाजीतलं ‘के’ जीवनसत्त्व या गोळीचा जोर कमी करतं. पावसाळ्यात घरात रोज तरोट्याची भाजी शिजू लागली, तर डॉक्टरांना तेही सांगावं.